रेझोनन्सवरचा उंचवटा स्पिनचाच का? इंदूरमध्ये पहिल्यांदा मोजायला बसणाऱ्यांसाठी

परमॅलॉय (निकेल आणि लोखंडाचा चुंबकीय मिश्रधातू) आणि प्लॅटिनमची दुपदरी फिल्म, तिच्याखाली मायक्रोवेव्हची पट्टी, दोन्ही बाजूंना चुंबकाचे ध्रुव. एवढं जमलं की रेझोनन्सवर मायक्रोव्होल्टभराचा उंचवटा बहुधा पहिल्याच दिवशी दिसतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. असाच उंचवटा देणाऱ्या निदान चार गोष्टी त्या फिल्ममध्ये असतात आणि त्यातली एकच, म्हणजे उलट्या स्पिन हॉल परिणामाचं व्होल्टेज, आपल्याला हवी असते. ती वेगळी काढायला लागणारी सॅम्पलं आधीच बनवलेली नसतील, तर नंतर कितीही फिटिंग करा, हाती काही लागत नाही. म्हणून हा लेख उपकरणांआधी सॅम्पलांच्या यादीपासून सुरू होतो.

त्याआधी थोडक्यात भौतिकी. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुणधर्म. स्पिन हॉल परिणामाचं, म्हणजे विद्युत प्रवाहातून आडवा स्पिनचा प्रवाह तयार होण्याचं, भाकीत द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी १९७१ मध्ये केलं. त्याची उलट बाजू, म्हणजे स्पिनच्या प्रवाहातून विद्युत प्रवाह तयार होणं, २००६ मध्ये दोन मार्गांनी मोजली गेली. वालेंझुएला आणि टिंकम यांनी ती ॲल्युमिनियममध्ये मोजली, तर साइतोह आणि सहकाऱ्यांनी परमॅलॉय-प्लॅटिनममध्ये स्पिन पंपिंग वापरून. आपण दुसरा मार्ग धरणार आहोत. मायक्रोवेव्हने चुंबकीय थरातलं मॅग्नेटायझेशन रेझोनन्सवर भोवऱ्यासारखं डोलतं, त्यातून शेजारच्या प्लॅटिनममध्ये स्पिनचा प्रवाह शिरतो (हेच स्पिन पंपिंग), आणि प्लॅटिनममधल्या स्पिन-ऑर्बिट जोडणीमुळे तो आडवा वळून व्होल्टेज देतो. तीन दिशा पाठ करून ठेवा: स्पिनचा प्रवाह फिल्मला लंब, स्पिनची दिशा चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत, आणि व्होल्टेज या दोन्हींना लंब. व्होल्टेजचे संपर्क चुकीच्या कडांवर लावून हैराण झालेला नवशिका जवळपास प्रत्येक लॅबमध्ये सापडतो.

सॅम्पलांची यादी

पहिल्या खेपेसाठी १० नॅनोमीटर परमॅलॉय कायम ठेवा आणि वर प्लॅटिनमची मालिका घ्या: २, ४, ६, ८, १० आणि १५ नॅनोमीटर. २ च्या खाली जाऊ नका. तिथे फिल्म सलग असेलच असं नाही, आणि रोध इतका चढतो की तुलना बिघडते. ही मालिका लागतेच, कारण एकाच जाडीवरून रूपांतराचा कोन, म्हणजे स्पिन हॉल अँगल, आणि स्पिनची विसरण-लांबी (स्पिनची दिशा विस्कटेपर्यंत कापलेलं अंतर) कधीच वेगळे काढता येत नाहीत. मोजणीत दोघांचा गुणाकार येतो, तोही जाडीवर अवलंबून असलेल्या एका टॅन-हायपरबोलिक गुणकासह.

या मालिकेइतकीच महत्त्वाची, आणि हमखास राहून जाणारी, सॅम्पलं पुढची:

– प्लॅटिनमऐवजी २-३ नॅनोमीटर ॲल्युमिनियमचं झाकण असलेलं परमॅलॉय. हवेत ॲल्युमिनियम ऑक्साइड होऊन आतला थर वाचवतं. मूळ डॅम्पिंग (मॅग्नेटायझेशनचं डोलणं किती लवकर विरतं ते) आणि प्लॅटिनमशिवायचं व्होल्टेज, दोन्ही यावरूनच मिळतं.
– प्लॅटिनम खाली आणि परमॅलॉय वर, असं उलट क्रमाचं एक. स्पिनच्या प्रवाहाची दिशा उलटते, त्यामुळे खऱ्या संकेताचं चिन्हही उलटलं पाहिजे.
– प्लॅटिनमच्या जागी टंगस्टन किंवा टँटलम असलेलं एक. त्यांच्या कोनाचं चिन्ह प्लॅटिनमच्या विरुद्ध असतं.
– फक्त प्लॅटिनम आणि फक्त परमॅलॉय, रोधकता मोजण्यासाठी.

एवढी सगळी एकाच दिवशी, एकाच टार्गेटवरून, एकाच दाबाला वाढवा. परमॅलॉयचं डॅम्पिंग खेपेगणिक थोडं हलतं आणि आपल्याला हवा असलेला फरकही तेवढाच लहान असतो. महिन्यापूर्वीचं संदर्भ-सॅम्पल वापरून काढलेला आकडा आम्ही तरी मानत नाही.

फिल्म वाढवणं आणि जाडी तपासणं

सब्स्ट्रेट म्हणून ३०० नॅनोमीटर थर्मल ऑक्साइड असलेलं सिलिकॉन चालतं. साध्या डोप केलेल्या सिलिकॉनमधून करंट गळतो. ५ बाय २ मिमीचे तुकडे आधीच कापून घ्या, कारण नंतर कापताना कडांवर फिल्म सोलली जाते. ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकी ५ ते १० मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये, आणि कोरड्या नायट्रोजनचा झोत. ॲसिटोन सब्स्ट्रेटवर वाळू देऊ नका, डाग राहतो.

स्पटरिंगच्या चेंबरचा मूळ दाब १० चा उणे ७ वा घात टॉर किंवा त्याहून कमी हवा. आर्गॉनचा दाब ३ ते ५ मिलिटॉर. परमॅलॉय संपल्यावर प्लॅटिनम सुरू होईपर्यंत एक मिनिटही वाया घालवू नका. तो सांधाच सगळं ठरवतो, आणि चेंबरमधली उरलीसुरली वाफ त्यावर बसायला टपलेलीच असते. इंदूरच्या पावसाळ्यात चेंबर उघडल्यावर पंपिंगला उन्हाळ्यापेक्षा चांगलाच जास्त वेळ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाढ करायची तर आदल्या संध्याकाळी पंप लावून ठेवा.

जाडी क्वार्ट्झ मॉनिटरवरून गृहीत धरू नका, एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटी करून घ्या. तांब्याच्या रेषेवर, म्हणजे १.५४ अँगस्ट्रॉमला, १० नॅनोमीटरच्या फिल्मच्या पट्ट्या दोन-थीटामध्ये साधारण ०.८८ अंशाच्या अंतराने येतात. अंतर १ अंश दिसलं तर फिल्म ९ नॅनोमीटरच्याही जराशी आतच आहे. या बाबतीत इंदूरकरांना तक्रारीला जागा नाही. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएईचं कन्सॉर्टियम आहे, सिमरोलला आयआयटी आहे, आणि राजा रामण्णा केंद्रात ४५० एमईव्हीचा इंडस-१ आणि २.५ जीईव्हीचा इंडस-२ हे दोन सिंक्रोट्रॉन. इंडस-१ वर रिफ्लेक्टिव्हिटीसाठी स्वतंत्र बीमलाइन आहे. साध्या जाडीसाठी तिथवर जायची गरज नाही. लॅबमधलं रिफ्लेक्टोमीटर पुरतं. सिंक्रोट्रॉनवर वेळ मागायचा तो सांध्याबद्दल खरंच काही प्रश्न उरला तरच. बाहेरच्या सोयीवर वेळ मिळाला की पूर्ण मालिका एका दमात मोजून टाका. 'दोन सॅम्पलं नंतर आणतो' म्हणालात की ती राहिलीच.

आधी एफएमआर, मग व्होल्टेज

तारा जोडायच्या आधी प्रत्येक सॅम्पलचं नुसतं रेझोनन्स, म्हणजे एफएमआर (फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स), मोजा. फिल्म कोप्लेनर वेव्हगाइडवर (मधे मायक्रोवेव्हची पट्टी आणि दोन्ही बाजूंना ग्राउंड असलेल्या बोर्डवर) पालथी ठेवा, मधे २५ ते ५० मायक्रॉनची कॅप्टॉनची विद्युतरोधक टेप. टेप विसरलात तर धातूची फिल्म वेव्हगाइडची मधली पट्टी आणि ग्राउंड शॉर्ट करते आणि मायक्रोवेव्ह आल्या वाटेने परत जाते. मायक्रोवेव्ह मोजणाऱ्या डायोडवरचा संकेत एकदम पडला की पहिला संशय टेपवर.

वारंवारता ५ पासून १५ गिगाहर्ट्झपर्यंत, अर्ध्या-एक गिगाहर्ट्झच्या टप्प्याने. क्षेत्राची दिशा फिल्मच्या प्रतलात. छोट्या हेल्महोल्ट्झ कॉइलने ०.१ ते ०.३ मिलिटेस्लाचं मॉड्युलेशन द्या. ते रेषेच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतकं ठेवलं की बरं. जास्त दिलं तर रेषा खोटी रुंद होते आणि डॅम्पिंग फुगतं.

परमॅलॉयचं परिणामी मॅग्नेटायझेशन ०.९५ टेस्ला धरलं तर रेझोनन्स ५ गिगाहर्ट्झला सुमारे ३२, १० ला ११९ आणि १५ ला २४१ मिलिटेस्लावर यायला हवं. आकडे याच्या आसपास नसतील तर पुढे जाऊ नका. अधिक आणि उणे क्षेत्रावरचं रेझोनन्स एकमेकांपासून दोन-तीन मिलिटेस्लाने सरकलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा हॉल प्रोबचा शून्य चुकलेला असतो. प्रोब सॅम्पलच्या जागी नसून ध्रुवाला चिकटलेला असेल तर मात्र दोन्ही बाजू सारख्याच चुकतात, आणि ते जास्त घातक, कारण दिसत नाही.

आता रेषेची रुंदी. वारंवारतेविरुद्ध रुंदीचा आलेख सरळ रेषेत आला पाहिजे; त्याच्या चढावरून अल्फा, म्हणजे डॅम्पिंग, निघतं. रुंदी तीन तऱ्हांनी सांगतात: निम्म्या उंचीवरची अर्धी, निम्म्या उंचीवरची पूर्ण, आणि डेरिव्हेटिव्हच्या शिखरापासून दरीपर्यंतची. अर्धी रुंदी वापरलीत तर चढ म्हणजे अल्फा भागिले २८, टेस्ला प्रति गिगाहर्ट्झमध्ये; सोप्या भाषेत १० गिगाहर्ट्झला ०.००८ डॅम्पिंगची अर्धी रुंदी २.८६ मिलिटेस्ला. पूर्ण रुंदी याच्या दुप्पट. शिखर-दरी अंतर म्हणजे पूर्ण रुंदी भागिले ३ चं वर्गमूळ. हा गुणक चुकून सुटला की अल्फा १५ टक्क्यांपासून दुपटीपर्यंत चुकतो, आणि असे आकडे छापूनही आलेले आहेत.

४ गिगाहर्ट्झच्या खालचे बिंदू फिटमध्ये घेऊ नका. तिथे फिल्म पूर्ण संपृक्त नसते आणि रुंदी उगाच वाढते. आलेख सरळ न चढता वरच्या वारंवारतांकडे सपाट होत असेल तर दोन-मॅग्नॉन विकिरणाचा (दोषांमुळे डोलणं इतर चुंबकीय लहरींत विखुरण्याचा) संशय धरा.

परमॅलॉय-ॲल्युमिनियममध्ये अल्फा ०.००८० आणि परमॅलॉय-प्लॅटिनममध्ये ०.०१२५ मिळालं असं धरू. फरक ०.००४५. यावरून सांध्याची स्पिन-मिक्सिंग कंडक्टन्स (सांध्यातून स्पिन किती सहज पलीकडे जातो ते) काढायची: ४ पाय × संपृक्त मॅग्नेटायझेशन × चुंबकीय थराची जाडी × डॅम्पिंगमधला फरक, भागिले लांडे गुणक × बोर मॅग्नेटॉन. ७.५६ लाख अँपिअर प्रति मीटर, १० नॅनोमीटर आणि २.१ घातलं की साधारण २.२ × १० चा १९ वा घात प्रति चौरस मीटर येतो. परमॅलॉय-प्लॅटिनमसाठी हा आकडा रास्त आहे. मात्र डॅम्पिंगमधली सगळी वाढ स्पिन पंपिंगचीच असते असं नाही. प्लॅटिनम परमॅलॉयच्या शेजारी स्वतःच थोडं चुंबकीय होतं, सांध्यावर स्पिनची स्मृती हरवते, त्याचाही वाटा त्यात येतो. म्हणून या संख्येला 'परिणामी' म्हणायचं.

तारा, संपर्क आणि जेल रोड

सॅम्पलची ५ मिमीची लांबी वेव्हगाइडच्या मधल्या पट्टीला आडवी ठेवा आणि दोन्ही टोकांना संपर्क घ्या. चुंबकीय क्षेत्र पट्टीच्या रेषेत. अशा मांडणीत मायक्रोवेव्हचं क्षेत्र पट्टीला आडवं, म्हणजे स्थिर क्षेत्राला लंब, आणि व्होल्टेजही क्षेत्राला लंब. सगळं जागच्या जागी बसतं.

संपर्क सिल्व्हर पेंटचे किंवा वायर-बाँडिंगचे. पेंटचा थेंब टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान ठेवा. तो जाड झाला की पालथं सॅम्पल एका बाजूने उचललं जातं आणि संकेत निम्म्याहून खाली येतो. हे डोळ्यांना कळत नाही; टेबलाच्या उंचीवर डोळा आणून सॅम्पल आणि बोर्डमधली फट बघितली की कळतं. तार ५० मायक्रॉनची तांब्याची, जोडी पिळून घेतलेली, आणि तांबं घासून चकचकीत केलेलं. हा नीटनेटकेपणाचा हट्ट नाही. स्वच्छ तांबं ते तांबं या सांध्यावर अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टहून कमी औष्णिक व्होल्टेज येतं, साध्या शिसे-कथील सोल्डरवर १ ते ३, आणि काळवंडलेल्या, ऑक्साइड चढलेल्या तांब्यावर हजाराच्या घरात. एसीचा कंप्रेसर चालू-बंद होताना तुमची बेसलाइन लाटेसारखी वरखाली होत असेल तर सोल्डर आणि तारा बघा. एप्रिल-मेमध्ये हे हमखास दिसतं, आणि त्याला उपाय एकच: सॅम्पलभोवती ॲक्रिलिकचा साधा खोका आणि एसीचा झोत दुसरीकडे.

तारा, पितळी स्क्रू, ॲक्रिलिक, बीएनसीच्या केबल इंदूरच्या बाजारात सहज मिळतात. जेल रोडवरच्या दुकानांतून एसएमए कनेक्टर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. वायफायच्या अँटेनांसाठीचे कनेक्टर बाहेरून अगदी तसेच दिसतात, पण त्यांत मधली पिन उलट्या बाजूला असते. आटे बसतात, संकेत जात नाही. शिवाय स्वस्त केबल काही गिगाहर्ट्झच्या वर नुसती तापते. १८ गिगाहर्ट्झपर्यंत हमी दिलेली केबल मागवाच. बाकीच्या सामानात हवी तेवढी काटकसर करा. कनेक्टर आवळताना फक्त नट फिरवा, केबल नाही. स्टीलच्या एसएमएला ०.९ न्यूटन-मीटर, पितळीला ०.५६ पुरतं. सॅम्पलजवळ स्टीलचा स्क्रू किंवा निकेलचा मुलामा दिलेली क्लिप नको.

मोजण्याआधी कागदावर अंदाज

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आमच्या मते सगळ्यात फायद्याची हीच. मधली पट्टी १ मिमी रुंद, रोध ५० ओहम आणि पट्टीवर प्रत्यक्ष पोचणारी शक्ती +२० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॉट. करंटचं शिखर ६३ मिलिअँपिअर. पट्टीच्या पृष्ठालगत क्षेत्र म्हणजे करंट भागिले दुप्पट रुंदी: सुमारे ३२ अँपिअर प्रति मीटर, म्हणजे ०.०४ मिलिटेस्ला. १० गिगाहर्ट्झ, वरचं ०.०१२५ डॅम्पिंग आणि वरची मिक्सिंग कंडक्टन्स घातली की स्पिन करंटची घनता विद्युत एककांत साधारण ८ लाख अँपिअर प्रति चौरस मीटर निघते. ६ नॅनोमीटर प्लॅटिनम, कोन ०.०५६ आणि विसरण-लांबी ३.४ नॅनोमीटर धरली, तर २ मिमी रुंदीवर रूपांतरित करंट ०.२२ मायक्रोअँपिअर.

आता व्होल्टेज. परमॅलॉय ४० आणि प्लॅटिनम ३० मायक्रोओहम-सेंटीमीटर धरलं की दोन्ही थर मिळून दर चौकोनाला २२ ओहम. पूर्ण ५ बाय २ मिमीच्या सॅम्पलचा रोध ५५ ओहम. पण मायक्रोवेव्ह जोरात फक्त १ मिमीच्या पट्टीवर आहे! संकेत तेवढ्याच भागात जन्मतो, म्हणून गुणायचा रोध ११ ओहम, ५५ नाही. उत्तर: २.४ मायक्रोव्होल्ट. उलट दिशेने, मोजलेल्या व्होल्टेजला ५५ ने भागलंत तर रूपांतर पाच पटींनी कमी दिसेल. पट्टी सॅम्पलपेक्षा अरुंद असताना ही चूक फार सहज होते.

हा अंदाज समोर ठेवून मोजायला बसा. मीटरवर २०० मायक्रोव्होल्ट आले तर आनंदू नका, कुठेतरी रेक्टिफिकेशन (मायक्रोवेव्हचं थेट डीसी व्होल्टेज होणं) आहे. २० नॅनोव्होल्ट आले तर सॅम्पल उचललं गेलंय किंवा संपर्क तुटलाय.

प्रत्यक्ष मोजणी

मायक्रोवेव्ह स्रोत चौकोनी लहरीने चालू-बंद करा, काही शे हर्ट्झला. ३७३ सारखी, ५० च्या पटीत न येणारी वारंवारता घ्या. त्याच लहरीचा संदर्भ लॉक-इन ॲम्प्लिफायरला (ठरावीक वारंवारतेचाच संकेत वेचणाऱ्या मीटरला) द्या, इनपुट ए-वजा-बी ठेवा, केबलचं कवच एकाच टोकाला ग्राउंड करा. टाइम कॉन्स्टंट ३०० मिलिसेकंद असेल तर प्रत्येक बिंदूवर निदान दीड सेकंद थांबा. घाई केली की रेझोनन्स स्वीपच्या दिशेने सरकतो आणि सममित रेषा तिरकी होते. मग ती तिरकस बाजू तुम्ही रेक्टिफिकेशनच्या खात्यात घालता. क्षेत्राचा टप्पा ०.१ ते ०.२ मिलिटेस्ला. परमॅलॉयऐवजी यट्रियम आयर्न गार्नेट वापरलंत आणि अल्फा ०.०००१ असेल, तर १० गिगाहर्ट्झला अर्धी रुंदी ०.०४ मिलिटेस्लापेक्षाही कमी. हा टप्पा तिथे कुचकामी, रेषा दोन बिंदूंच्या मधून निसटून जाईल.

आता एक गुणक. लॉक-इन आरएमएस दाखवतो, तोही फक्त मूळ वारंवारतेचा. शून्य ते एक अशा चौकोनी लहरीसाठी त्यावर ०.४५ दिसतं. म्हणून वाचलेला आकडा २.२२ ने गुणायचा. वरचा २.४ मायक्रोव्होल्टचा संकेत लॉक-इनवर सुमारे १.१ दिसेल. नॅनोव्होल्टमीटरने डीसी मोजत असाल तर हा गुणक नाही. दोन्ही साधनांनी एकदा तेच सॅम्पल मोजून बघा. जुळलं की पुढच्या शंकांना जागा उरत नाही.

रेझोनन्सपासून दूरही काही मायक्रोव्होल्टचा सपाट पाया दिसतो. तारांवर गळालेली मायक्रोवेव्ह प्रीॲम्प्लिफायरच्या तोंडाशी रेक्टिफाय होते, तिचा हा पाया. तारांवर फेराइटचा मणी आणि लो-पास फिल्टर लावा, उरलेलं फिटमध्ये स्थिरांक म्हणून काढा. नुसत्या स्थिरांकाऐवजी क्षेत्राबरोबर सरळ रेषेत चढणारा पाया दिसला तर सॅम्पल तापतंय.

शक्ती ० डीबीएमपासून २० पर्यंत ३-३ ने चढवत जा. दर ३ डीबीला व्होल्टेज दुप्पट झालं पाहिजे. वरच्या टोकाला वाढ मंदावली किंवा रेझोनन्स सरकला, तर त्याखालच्या शक्तीवर काम करा.

चार वाटेकरी कसे वेगळे करायचे

प्रत्येक स्वीपला सममित आणि असममित लॉरेंट्झियनची (रेझोनन्सच्या रेषेच्या ठरलेल्या आकाराची) बेरीज लावा. रेझोनन्सचं क्षेत्र आणि रुंदी एफएमआरमधून आणून बांधून टाका. स्पिनचं योगदान फक्त सममित भागात असतं. उलट विधान खरं नाही: सममित भाग सगळा स्पिनचा नसतो. मायक्रोवेव्हमुळे फिल्ममध्ये उमटलेला करंट आणि डोलणाऱ्या मॅग्नेटायझेशनमुळे बदलणारा रोध यांचा गुणाकार डीसी व्होल्टेज देतो. दोघांमधला फेज जसा असेल तसा तो सममित किंवा असममित भागात पडतो.

नवशिक्याचा आवडता पुरावा म्हणजे क्षेत्र उलटवलं की चिन्ह उलटतं. अधिक-उणे क्षेत्रांच्या वजाबाकीचं निम्मं जरूर घ्या. क्षेत्राला न जुमानणारा सीबेक (तापमानातल्या फरकाचं व्होल्टेज) वगैरेचा कचरा त्याने जातो. पण ॲनिसोट्रॉपिक मॅग्नेटोरेझिस्टन्समधून (मॅग्नेटायझेशनच्या दिशेप्रमाणे रोध बदलण्यातून) येणारं रेक्टिफिकेशनही क्षेत्र उलटवल्यावर चिन्ह बदलतं. ही कसोटी पास होणं म्हणजे काहीच सिद्ध होणं नव्हे.

कोन फिरवावा लागतो. ५-५ अंशांनी पूर्ण वर्तुळ म्हणजे ७२ स्वीप. एकेक ५ मिनिटांचा धरला तर ६ तास. रात्री लावून ठेवण्यासारखं काम आहे, फक्त फिरताना तारा गुंडाळून तुटणार नाहीत हे बघा. क्षेत्र पट्टीच्या रेषेत असताना कोन (फाय) शून्य मानला, आणि वेव्हगाइड व सॅम्पल दोन्ही मिळून क्षेत्राच्या संदर्भात फिरत असतील, तर स्पिनचं योगदान कोसाइनच्या घनाप्रमाणे बदलतं. मायक्रोवेव्ह क्षेत्राचा उपयोगी घटक कोसाइनने कमी होतो, शक्ती त्याच्या वर्गाने, आणि आडव्या व्होल्टेजचा घटक आणखी एका कोसाइनने. फक्त सॅम्पल फिरवलंत आणि वेव्हगाइड जागीच राहिला तर घन नाही, साधं कोसाइन येतं. आपली मांडणी कुठली ते आधी लिहून ठेवा.

बाकीचे वाटेकरी: अनॉमलस हॉल (चुंबकीय थराच्या स्वतःच्या मॅग्नेटायझेशनमुळे येणारं आडवं व्होल्टेज) कोसाइनने, मॅग्नेटोरेझिस्टन्सचा एक भाग साइन-दोन-फाय गुणिले कोसाइनने आणि दुसरा कोसाइन-दोन-फाय गुणिले कोसाइनने. आणि इथे एक सापळा आहे. कोसाइन-दोन-फाय गुणिले कोसाइन म्हणजे कोसाइनच्या घनाची दुप्पट वजा कोसाइन. त्यामुळे घन, कोसाइन आणि हे तिसरं पद एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. चारही पदं मोकळी सोडून फिट केलं की संगणक उत्तर देतो, पण तशी अगणित उत्तरं असतात. तुम्हाला मिळालेलं त्यांतलं एक, सुरुवातीच्या आकड्यांवर ठरलेलं. फिट गुळगुळीत दिसतो म्हणून फसू नका. सुरुवातीचे आकडे बदलून तीनदा चालवा आणि स्पिनचा वाटा हलतो का बघा.

यातून वाट दोन ठिकाणांहून निघते. असममित भागात स्पिनचा वाटा नाही, म्हणून तिथून तिसऱ्या पदाचा आणि हॉलचा आकार मिळतो, आणि फेजबद्दल एक गृहीत धरून तो सममित भागात वजा करता येतो. ते गृहीत तुमच्या लेखात स्पष्ट लिहा. दुसरी वाट सॅम्पलांची: ॲल्युमिनियमच्या झाकणाचं परमॅलॉय त्याच शक्तीला किती व्होल्टेज देतं, आणि उलट क्रमाच्या व टंगस्टनच्या सॅम्पलचं चिन्ह फिरतं का. आमचा कल दुसरीकडे आहे. टंगस्टनवर चिन्ह फिरलं नाही तर पहिल्या वाटेचं कितीही देखणं गणित फुकट. विद्युतरोधक गार्नेटचं सॅम्पल मिळालं तर चुंबकीय थरात करंटच नसल्याने हा बहुतांश गुंता मुळातच टळतो.

आकडा काढताना

साफ केलेला सममित व्होल्टेज भागिले पट्टीखालच्या भागाचा रोध म्हणजे रूपांतरित करंट. दर जाडीला तो मायक्रोवेव्ह क्षेत्राच्या वर्गाने भागून आलेख काढा. व्होल्टेजचा आलेख काढू नका. जाड प्लॅटिनम स्वतःच व्होल्टेज शॉर्ट करतं, त्यामुळे तो वर जाऊन खाली येतो आणि दिशाभूल करतो. करंट मात्र चढत जाऊन सपाट होतो. त्यावर टॅन-हायपरबोलिक, आत जाडी भागिले दुप्पट विसरण-लांबी, लावा. डॅम्पिंग प्रत्येक सॅम्पलचं स्वतःचं घाला. सूत्रात त्याचा वर्ग आहे, १० टक्के चूक थेट २० टक्के होते. मायक्रोवेव्ह क्षेत्र शिखराचं की आरएमएस, तेही नोंदवा. इथे थेट दुपटीचा फरक पडतो.

प्लॅटिनमच्या कोनाचे प्रसिद्ध आकडे ०.०१ पासून ०.१ पर्यंत विखुरलेले आहेत आणि विसरण-लांबीचे १ पासून १० नॅनोमीटरपर्यंत. मोठा कोन लांबीच्या लहान आकड्याबरोबर येतो, लहान कोन मोठ्या लांबीबरोबर. दोघांचा गुणाकार त्यामानाने कमी विखुरतो. अंदाजात घेतलेल्या ०.०५६ आणि ३.४ चा गुणाकार ०.१९ नॅनोमीटर. तुमचा गुणाकार याच्या आसपास आला आणि कोन एकटाच वेगळा निघाला, तर दोष बहुधा जाडीच्या मालिकेत आहे.

प्लॅटिनम जमल्यावर टंगस्टनची पूर्ण मालिका घ्यायला हरकत नाही. त्याच्या बीटा प्रावस्थेत (एका विशिष्ट स्फटिकरचनेत) कोन ०.३ च्या आसपास, उणे चिन्हाचा नोंदला गेला आहे, पण ती प्रावस्था पातळ थरातच टिकते. जाडी वाढली की अल्फा प्रावस्था येते आणि कोन कोसळतो. त्यामुळे टंगस्टनच्या प्रत्येक जाडीची रोधकता आधी चार-प्रोबने मोजा. १५० मायक्रोओहम-सेंटीमीटर किंवा त्याहून वर असेल तर बीटा. ती एकदम कितीतरी पटींनी खाली आली की ते सॅम्पल मालिकेतून बाजूला काढा आणि टॅन-हायपरबोलिकच्या फिटमध्ये येऊ देऊ नका.